व्हिडिओ खेळांचे कन्सोल : प्रासंगिक व कसलेला खेळाडूवर्ग

दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ खेळ खेळण्याच्या यंत्रास ‘कन्सोल’ म्हणतात. या यंत्रांच्या व्यापारात ग्राहकांचे दोन वर्ग मानण्याची प्रथा आहे. फावल्या वेळी, करमणुकीपुरता आणि विशेष सराव न करता खेळणारा तो ‘कॅज्युअल’ किंवा प्रासंगिक खेळाडू; खेळासाठी पुष्कळ वेळ व पैसा खर्च करणारा, अवघड खेळांत प्रावीण्य मिळवू पाहणारा आणि नव्या यंत्राची वाट पाहत राहणारा तो ‘हार्डकोअर’ किंवा कसलेला खेळाडू होय. ही विभागणी माणसांच्या स्वभावातूनच आलेली आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि १९७२ पासूनचा कन्सोलचा इतिहास पाहता ती बव्हंशी यंत्राची किंमत, नियंत्रकाची (हातात धरावयाच्या बटणांच्या संचाची) रचना, दुकानातील मांडणी आणि जाहिरात यांतून घडत गेली, असे दिसून येते. त्यामुळेच तिच्या सीमा वारंवार बदलल्या आणि एका काळात दुरावलेला ग्राहक दुसऱ्या काळात परत आला.

व्यापाराचे गणित : कन्सोल बहुधा अल्प नफ्यावर, पुष्कळदा तोटा सोसूनही विकले जाते. हा तोटा पुढे खेळांच्या विक्रीतून भरून निघतो. उत्पादक स्वतःचे खेळ विकतो आणि इतर प्रकाशकांच्या खेळांच्या प्रत्येक प्रतीमागे परवाना-शुल्क घेतो. म्हणून किती यंत्रे विकली गेली, याइतकेच एका यंत्रामागे किती खेळ विकले गेले, यालाही महत्त्व असते. कसलेला ग्राहक किंमत चढी असतानाच यंत्र घेतो, वर्षभरात अनेक खेळ विकत घेतो आणि परिचितांना सल्लाही देतो. प्रासंगिक ग्राहक पुष्कळदा किंमत उतरल्यावर येतो व मोजकेच खेळ घेतो. मात्र त्याची संख्या फार मोठी असते. केवळ पहिल्या वर्गावर विसंबल्यास बाजार वाढत नाही आणि केवळ दुसऱ्यावर विसंबल्यास तो टिकेल याची खात्री नसते. या पेचातून वाट काढण्याचे उत्पादकांचे प्रयत्न हाच या व्यवसायाच्या इतिहासाचा एक मुख्य धागा आहे.

प्रारंभीचा काळ (१९७१–८३) : राल्फ बेअर (१९२२–२०१४) या अमेरिकी अभियंत्याच्या कल्पनेवरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये ‘ऑडिसी’ हे घरगुती वापराचे पहिले कन्सोल विक्रीस आणले. त्याच्या पेटीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लावावयाचे रंगीत पारदर्शक पत्रे, फासे, पत्ते आणि खेळातल्या नोटा असत. घरातील मंडळींनी एकत्र बसून खेळावयाच्या पटावरील खेळांचेच ते पुढचे रूप होते.

त्याच सुमारास नोलन बुशनेल (१९४३– ) आणि टेड डॅबनी (१९३७–२०१८) हे नाणे टाकून चालणारी खेळयंत्रे तयार करीत होते. त्यांचा पहिला खेळ ‘कंप्यूटर स्पेस’ (१९७१) फारसा चालला नाही. त्यात अवकाशयान वळविणे, त्यास गती देणे व मारा करणे यांसाठी वेगवेगळी बटणे होती आणि ती समजण्यासाठी बराच मजकूर वाचावा लागे. बुशनेल यांच्या सांगण्याप्रमाणे विद्यापीठालगतच्या ठिकाणी हा खेळ चालला. पण कामगारांच्या मद्यगृहांत कोणी त्याच्याकडे वळेना. पुढच्याच वर्षी त्यांच्या अटारी कंपनीने अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी बनविलेला ‘पाँग’ आणला. यात हाताने एक फिरते बटण फिरवून चेंडू परतवावयाचा, एवढेच होते. पाहताक्षणी कळणारा हा खेळ तत्काळ लोकप्रिय झाला व १९७५ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती निघाली. खेळाची आवड नसलेले वाटणारे लोक पुष्कळदा केवळ त्याच्या नियंत्रणाला बिचकत असतात, हा पुढे अनेकदा शिकावा लागलेला धडा या दोन खेळांच्या तुलनेत प्रथम दिसतो.

अटारीच्या १९७७ मधील कन्सोलचा नियंत्रक एक दांडा व एक बटण एवढाच होता. त्याच्या जाहिरातींत आई-वडील व मुले असे सगळे कुटुंब दाखविले जाई. याच काळात जपानमधील नाम्को कंपनीचे तोरू इवातानी (१९५५– ) यांनी ‘पॅक-मॅन’ (१९८०) हा खेळ रचला. खेळगृहांत केवळ पुरुषांची गर्दी असते हे पाहून स्त्रियांनाही तेथे यावेसे वाटेल असा खेळ करण्याचा त्यांचा हेतू होता. म्हणून युद्धाऐवजी त्यांनी खाण्याची कल्पना निवडली. त्या काळी प्रासंगिक व कसलेला असा भेद बाजाराने अद्याप केलेला नव्हता.

१९८३ मध्ये अमेरिकेतील हा व्यवसाय कोसळला. कोणीही खेळ तयार करून विकावा अशी स्थिती असल्याने निकृष्ट खेळांचा सुळसुळाट झाला होता. न खपलेल्या मालाचा काही भाग न्यू मेक्सिको राज्यातील आलामोगोर्डो येथे जमिनीत गाडण्यात आला. २०१४ मध्ये उत्खनन करून तो बाहेर काढण्यात आला. घरगुती खेळांची अमेरिकेतील वार्षिक उलाढाल ३ अब्ज डॉलरांच्या वर गेली होती. ती १९८५ पर्यंत सु. १० कोटी डॉलरांवर आली.

खेळण्यांच्या दुकानात (१९८३–९४) : निन्टेंडो ही जपानमधील क्योटो येथे १८८९ मध्ये पत्त्यांचे जोड बनविण्यासाठी स्थापन झालेली कंपनी. तिचे ‘फॅमिकॉम’ हे कन्सोल १९८३ मध्ये जपानमध्ये व १९८५ पासून ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत विक्रीस आले. व्हिडिओ खेळ म्हटले की अमेरिकी दुकानदार माल ठेवण्यास नकार देत. म्हणून कंपनीने त्याच्यासोबत एक यंत्रमानव देऊन ते खेळणे म्हणून विकले. ही युक्ती सफल झाली, परंतु तिचा एक दूरगामी परिणाम झाला. खेळण्यांच्या दुकानांत मुलांचा विभाग वेगळा व मुलींचा वेगळा असे. कन्सोल मुलांच्या विभागात गेले आणि जाहिरातीही प्रामुख्याने त्यांनाच उद्देशून होऊ लागल्या. दहा वर्षांपूर्वी साऱ्या घराचे मानले गेलेले यंत्र अशा रीतीने मुलग्यांचे खेळणे बनले.

याच काळात खेळातील प्रावीण्याभोवती एक स्वतंत्र संस्कृती उभी राहिली. अडलेल्या मुलांना दूरध्वनीवरून युक्त्या सांगणारे सल्लागार निन्टेंडोने अमेरिकेत नेमले आणि १९८८ मध्ये स्वतःचे मासिकही सुरू केले. काठिण्याचा प्रश्न कंपनीलाही जाणवत होता. जपानमध्ये १९८६ साली निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ अमेरिकी खेळाडूंना फार अवघड जाईल असे वाटल्याने तेथे तो त्या वेळी प्रसिद्धच केला नाही. १९८८ मध्ये त्याच नावाने तेथे दुसराच, तुलनेने सोपा खेळ देण्यात आला.

दुरावलेला प्रौढ ग्राहक पूर्णतः नाहीसा झालेला नव्हता, याचा पुरावा १९८९ मध्ये मिळाला. गुनपेई योकोई (१९४१–९७) यांनी रचलेल्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासोबत अमेरिकेत ‘टेट्रिस’ हा खेळ देण्यात आला. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केलेल्या या खेळात वरून पडणाऱ्या आकृत्या जुळवून ओळी पूर्ण करावयाच्या असतात. पडदा रंगहीन व यंत्र साधे असूनही नोकरदार स्त्री-पुरुषांनी ते विकत घेतले. ‘गेम बॉय’ व त्याची रंगीत आवृत्ती मिळून सु. ११·८७ कोटी यंत्रे खपली.

किशोरांकडून तरुणांकडे (१९८९–२००५) : निन्टेंडोच्या लहान मुलांच्या प्रतिमेला शह देण्यासाठी सेगा या कंपनीने किशोरवयीन ग्राहकांना हेरले. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या हाणामारीच्या खेळाच्या १९९३ मधील आवृत्त्यांवरून हा फरक स्पष्ट होतो. निन्टेंडोच्या आवृत्तीत रक्त वगळले होते, तर सेगाच्या आवृत्तीत सांकेतिक कळा दाबून ते दाखविता येई. खप सेगाच्या आवृत्तीचा अधिक झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली व १९९४ मध्ये वयानुसार खेळांचे वर्गीकरण करणारे मंडळ अस्तित्वात आले.

सोनीच्या ‘प्लेस्टेशन’ने (१९९४) विशीतील तरुण ग्राहक मिळविला. तिच्या १९९७ मधील नियंत्रकावर दिशादर्शक फुलीखेरीज दोन दांड्या, पुढील बाजूस चार व वरच्या कडेला चार बटणे होती. ज्याने पंधरा वर्षे हळूहळू एकेक बटण आत्मसात केले त्याला हा नियंत्रक सहज वाटे. प्रथमच हाती घेणाऱ्याला मात्र तो दुर्बोध होता. त्रिमितीय दृश्यांत एका अंगठ्याने चालावयाचे व दुसऱ्याने पाहण्याची दिशा बदलावयाची, हे कौशल्य म्हणजे एक नवी लिपीच होती. मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स’ (२००१) व त्यावरील ‘हेलो’ हा नेमबाजीचा खेळ याच साक्षर वर्गासाठी होता.

सोनीचे ‘प्लेस्टेशन २’ (२०००) हे मात्र दोन्ही वर्गांत पोचले. ते डीव्हीडी चित्रपटही दाखवीत असल्याने घरातील इतरांना त्याची खरेदी पटण्याजोगी होती. पुढे कॅमेऱ्यासमोर हात हलवून खेळावयाचा ‘आयटॉय’ (२००३), गाण्याचा ‘सिंगस्टार’ (२००४) व प्रश्नमंजूषेचा ‘बझ’ (२००५) हे खेळ युरोपात विशेष लोकप्रिय झाले. या कन्सोलचा एकूण खप १५·५ कोटींच्या वर गेला. दोन्ही वर्ग एकाच यंत्राभोवती नांदू शकतात, हे त्याने दाखवून दिले.

निन्टेंडोचा प्रयोग (२००४–०८) : या स्पर्धेत निन्टेंडो मागे पडली. तिच्या ‘निन्टेंडो ६४’चा खप ३·२९ कोटी, तर पुढील ‘गेमक्यूब’चा (२००१) केवळ २·१७ कोटी झाला. हिरोशी यामाउची (१९२७–२०१३) यांच्यानंतर २००२ मध्ये अध्यक्ष झालेले सातोरू इवाता (१९५९–२०१५) हे स्वतः कुशल आज्ञावलीकार होते. जपानमध्ये लोक खेळांपासून दूर जात आहेत, खेळ अधिकाधिक मोठे, खर्चिक व जटिल होत आहेत आणि याच दिशेने गेल्यास उरलेला ग्राहकही आक्रसत जाईल, असे त्यांचे निदान होते. म्हणून स्पर्धकांचे ग्राहक ओढण्याऐवजी न खेळणाऱ्यांना खेळते करावे, असे धोरण त्यांनी आखले.

त्याचे पहिले फळ म्हणजे ‘निन्टेंडो डीएस’ (२००४). त्याच्या दोन पडद्यांपैकी एकावर लेखणीने लिहिता वा स्पर्श करता येई. कुत्र्याचे पिल्लू पाळण्याचा ‘निन्टेंडॉग्ज’ आणि र्यूता कावाशिमा या मेंदुविज्ञान-संशोधकाच्या नावाने निघालेला अंकगणित, वाचन इत्यादींचा ‘मेंदूचा व्यायाम’ (दोन्ही २००५) यांमुळे जपानमधील प्रौढ व वृद्ध मंडळींनी हे यंत्र विकत घेतले. त्याचा एकूण खप १५·४ कोटी झाला.

नोव्हेंबर २००६ मध्ये आलेले ‘वी’ हे कन्सोल याच विचाराचे पूर्ण रूप होते. त्याचा नियंत्रक दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखा होता. रिमोट घरातील प्रत्येक जण हाती घेतो, मग खेळाच्या नियंत्रकाचीच भीती का वाटावी, असा हा विचार होता. हात हलविताच पडद्यावरील रॅकेट हले. यंत्र आकाराने लहान ठेवले होते; घरातील आईला त्याची अडचण वाटू नये, याचाही विचार इवाता व खेळरचनाकार शिगेरू मियामोतो (१९५२– ) यांनी केला होता. त्याची गणनक्षमता स्पर्धकांपेक्षा पुष्कळच कमी होती व उच्च सुस्पष्टतेची चित्रे ते देऊ शकत नसे. मात्र किंमतही तशीच होती : अमेरिकेत ‘वी’ २५० डॉलरांना मिळे, तर त्याच महिन्यात आलेले ‘प्लेस्टेशन ३’ ५०० व ६०० डॉलरांना विकले जाई. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ व मुष्टियुद्ध यांचा समावेश असलेला ‘वी स्पोर्ट्‌स’ हा खेळ अमेरिकेत यंत्रासोबतच मिळे.

वृद्धाश्रमांत बोलिंगचे सामने होऊ लागले आणि भौतिकोपचारातही या यंत्राचा वापर झाला. जोराने हात फिरविताना नियंत्रक निसटून पडदे फुटल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा सु. ३२ लाख मनगटी पट्टे बदलून देण्याची घोषणा कंपनीने केली. २००८–०९ या एका आर्थिक वर्षात २·५९ कोटी यंत्रे खपली. एकूण खप १०·१६ कोटी झाला. ‘एक्सबॉक्स ३६०’ व ‘प्लेस्टेशन ३’ यांचा खप प्रत्येकी साडेआठ कोटींच्या आसपास राहिला.

रोष व स्थलांतर (२००८–१४) : या यशाने जुने खेळाडू नाराज झाले. आपल्या जोरावर उभी राहिलेली कंपनी आता आपल्याला विसरली, अशी त्यांची भावना होती. २००८ मधील लॉस अँजेल्सच्या वार्षिक प्रदर्शनात निन्टेंडोने हातवाऱ्यांनी वाद्ये वाजविण्याच्या खेळाला अग्रस्थान दिले, तेव्हा ही नाराजी उघडपणे व्यक्त झाली. वस्तुतः ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’सारखे (२००७) कसदार खेळ याच यंत्रावर निघाले होते. ‘वी’चे ग्राहक खेळ विकतच घेत नाहीत, हा समजही पूर्णतः खरा नव्हता. या यंत्रासाठी एकूण सु. ९२ कोटी खेळ खपले. म्हणजे यंत्रासोबत मिळालेले धरून एका यंत्रामागे सु. नऊ. परंतु त्यांत निन्टेंडोच्या स्वतःच्या खेळांचा वाटा मोठा होता आणि अनेक प्रकाशकांनी आपले महत्त्वाचे खेळ उच्च सुस्पष्टतेच्या कन्सोलसाठीच राखून ठेवले.

याच सुमारास प्रासंगिक खेळाडूला दुसरे ठिकाण मिळाले. ॲपलने आयफोनसाठी जुलै २००८ मध्ये आज्ञावलींचे दुकान उघडले. ‘अँग्री बर्ड्‌स’ (२००९) व ‘कँडी क्रश सागा’ (२०१२) यांसारखे खेळ अत्यल्प किमतीत किंवा फुकट मिळू लागले. खेळण्यासाठी आधीच खिशात असलेले यंत्र पुरत असल्याने वेगळे यंत्र घेण्याचे कारण उरले नाही. ‘वी’चा वार्षिक खप २०११–१२ मध्ये ९८ लाखांवर आला. नव्या ‘निन्टेंडो ३डीएस’ची किंमत सहा महिन्यांच्या आत २५० डॉलरांवरून १७० डॉलरांवर आणावी लागली व त्या वर्षी कंपनीला तोटा झाला.

मायक्रोसॉफ्टलाही असाच अनुभव आला. नियंत्रकाशिवाय केवळ शरीराच्या हालचालींनी खेळ चालविणारे तिचे ‘किनेक्ट’ (२०१०) हे उपकरण पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपले. २०१३ मधील ‘एक्सबॉक्स वन’सोबत ते सक्तीने देण्यात आले व त्यामुळे किंमत ५०० डॉलर झाली. प्रासंगिक ग्राहकाला ती परवडणारी नव्हती आणि कसलेल्या ग्राहकाला ते उपकरण नको होते. ४०० डॉलरांच्या ‘प्लेस्टेशन ४’ने आघाडी घेतली आणि जून २०१४ पासून मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’विना कन्सोल विकण्यास प्रारंभ केला. निन्टेंडोच्या ‘वी यू’ने (२०१२) दोन्ही वर्गांना संतुष्ट करण्याचा प्रयत्न केला. मात्र त्याचा पडदायुक्त नियंत्रक नवख्यांना क्लिष्ट वाटला, यंत्र कसलेल्यांना दुबळे वाटले आणि ते नवे यंत्र आहे की जुन्याचे उपांग, हेच अनेकांना कळले नाही. त्याचा खप १·३६ कोटींवरच थांबला.

विभागणीची चिकित्सा : डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या संज्ञांचे परीक्षण केले आहे. प्रासंगिक म्हटले जाणारे खेळाडू थोडाच वेळ खेळतात हे खरे नसून त्यांतील पुष्कळ जण रोज दीर्घकाळ व कौशल्याने खेळतात, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या मते खरा फरक लवचिकतेचा आहे : पाच मिनिटे खेळले तरी चालेल आणि दोन तास खेळले तरी चालेल, असा खेळ व्यापक वर्गाला सोयीचा ठरतो, सलग वेळ व पूर्वज्ञान यांची अट घालणारा खेळ लोकांना बाहेर ठेवतो. याचा अर्थ असा, की विद्यार्थिदशेत कसलेला असणारा खेळाडू नोकरी व संसार यांत गुंतल्यावर आवड तीच असूनही प्रासंगिक बनतो.

या संज्ञांना सामाजिक बाजूही आहे. मुलग्यांच्या विभागात वाढलेल्या संस्कृतीत ‘खरा खेळाडू कोण’ हा मानाचा प्रश्न बनला आणि स्त्रियांना व नवख्यांना हिणविण्यासाठी ‘कॅज्युअल’ हा शब्द वापरला जाऊ लागला. २०१४ मध्ये ‘गेमरगेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणात व्हिडिओ खेळांच्या क्षेत्रातील अनेक स्त्रियांचा संघटितपणे छळ झाला. व्यापारी सोयीसाठी आखलेली रेषा माणसांच्या प्रतिष्ठेची रेषा कशी बनते, याचे हे खेदजनक उदाहरण होय.

भारतात ही रेषा आवडीपेक्षा ऐपतीने अधिक आखली गेली. १९९० नंतरच्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला मध्यमवर्गीय घरांत आल्या; परदेशी कंपन्यांची मूळ यंत्रे मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहिली. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा बहुसंख्य लोक कन्सोलचा टप्पा ओलांडून थेट फोनवर खेळू लागले. नवी मुंबईत तयार झालेला ‘ल्यूडो किंग’ (२०१६) हा खेळ २०२० च्या टाळेबंदीत दूर राहणाऱ्या कुटुंबीयांनी एकत्र खेळला, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

समन्वय : निन्टेंडोचे ‘स्विच’ (२०१७) हे कन्सोल घरात पडद्याला जोडून वा प्रवासात हातात धरून खेळता येते; त्याचा नियंत्रक दोन भागांत विलग करून एक भाग शेजाऱ्याच्या हाती देता येतो. ‘झेल्डा’ मालिकेतील प्रदीर्घ साहसखेळ (२०१७) आणि बेटावर घर सजविण्याचा निवांत ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ (२०२०) या दोहोंना त्यावर कोट्यवधी ग्राहक लाभले व यंत्राचा खप १५ कोटींच्या पुढे गेला. त्याच्या यशाचे कारण दोन वर्गांपैकी एकाची निवड करण्यात नसून, एकाच व्यक्तीला कधी निष्ठेने तर कधी सहज गंमत म्हणून खेळावेसे वाटते, हे ओळखण्यात आहे. ‘पाँग’च्या फिरत्या बटणापासून विलग होणाऱ्या नियंत्रकापर्यंतचा हा इतिहास पाहता, न खेळणारा वर्ग असा स्वतंत्र नसतो; खेळाचे दार त्याच्यासाठी किती उघडे ठेवले आहे, यावर त्याचे खेळणे अवलंबून असते, असे म्हणता येईल.